गाडी जमिनीवर होती ना?

काकूंचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. एरवी त्या आधी "बिझी नाहीस ना?" असं विचारतात. त्या दिवशी विचारलं नाही. "काका गेले गं," एवढंच म्हणाल्या... मी लॅपटॉप मिटला आणि दोन गल्ल्या ओलांडून त्यांच्या घरी गेले. गराजचं दार उघडं होतं, आत गाडी कापडाखाली झाकलेली होती. तिच्याकडे न बघता मी घरात शिरले. त्याला आता सहा आठवडे झाले.

श्रीधरकाका माझ्या नात्यातले कुणी नव्हते. नागपूरहून नोकरीसाठी मी अमेरिकेत बॉथेलला आले, तेव्हा इथल्या मराठी मंडळाच्या एका कार्यक्रमात ओळख झाली आणि त्यांच्या घरी माझं जेवणाचं ताट ठरून गेलं. उमेदीची वर्षं त्यांनी पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये काढली होती आणि माप हा त्यांचा धर्म होता. काकूंनी पोळ्या लाटल्या तरी ते जाडी बघायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी साठच्या दशकातली एक लांब नाकाची, दोन दारांची, आठ सिलिंडरची गाडी घेतली. इकडे तिला मसल कार म्हणतात. काकू म्हणायच्या, "सवत आणली ती आणली, तीही म्हातारी!"

स्प्रिंगा बदलून काकांनी ती दोन इंच खाली बसवली. मग प्रश्न आला चाकांचा. रिम सतरा इंची घ्यायची हे ठरलं होतं, टायर किती रुंद घ्यायचा ते ठरत नव्हतं. रुंद टायर दिसतो झोकदार, पण खाली बसवलेल्या गाडीत तो मडगार्डला घासू शकतो. काकांचा कल अरुंद टायरकडे होता आणि मी रुंद टायरचे फोटो दाखवून त्यांना चढवत होते. शेवटी ते म्हणाले, "माप सांगेल ते घेऊ." मागच्या चाकांची मापं त्यांनी स्वतः घेतली. पुढची राहिली आणि मध्येच त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. वही मांडीवर घेऊन त्यांनी मला बजावलं, "गाडी स्टँडवर आहे, ती आधी खाली घे. उचललेल्या गाडीचं चाक लोंबतं आणि नसलेली जागा दिसते. हवेतलं माप म्हणजे थाप, लक्षात ठेव."

गाडी खाली घ्यायला वीस मिनिटं लागली असती. मी नवा कुर्ता घातला होता, मैत्रिणीकडे पॉटलकचं जेवण होतं आणि सिमेंटवर आडवं पडायची मला इच्छा नव्हती. गाडी स्टँडवर असतानाच मी टेप लावली आणि आत येऊन आकडा सांगितला.

"गाडी जमिनीवर होती ना?"

"हो काका."

"शाब्बास. टेस्टिंगवाली आहेस, तुझं पुन्हा चेक करायला नको."

माझा पगार दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा आहे. माझ्या आकड्यावर त्यांनी रुंद टायर मागवले.

पाय बरा झाल्यावर ते मंडळाच्या पिकनिकला गाडी घेऊन आले. पार्कच्या दारात स्पीडब्रेकरवर त्यांनी स्टीअरिंग वळवलं आणि कर्र्र... रबर जळल्याचा वास सुटला. मडगार्डच्या कडेनं टायर कापला होता. माणसं वडापावच्या प्लेटी घेऊन जमली. कुणीतरी हसत म्हणालं, "काय काका, अंदाजपंचे दाहोदरसे?" काकाही हसले. म्हणाले, "माझंच गणित चुकलं. वय झालं यार." मी दहा पावलांवर उभी होते आणि माझं तोंड उघडलं नाही. चारचौघांत नको, उद्या सांगू असं ठरवलं. उद्याचा परवा झाला, आणि मग इतके दिवस गेले की आता कसं सांगायचं, हाच प्रश्न उरला.

काकांनी जुनी चाकं परत लावली, पण गणित सोडलं नाही. उत्तर दर वेळी तेच यायचं, रुंद टायर बसायला हवा. "आकडे बरोबर, मग चूक डोक्यातच असणार," म्हणायचे. गोळ्यांचा डबा काकूंकडून तपासून घ्यायला लागले. हायवेवर गाडी नेणं बंद केलं. एकदा चहा घेताना त्यांनी हळूच विचारलं, "तेव्हा गाडी जमिनीवर होती ना गं?" आणि मी चक्क वैतागले. "काका, किती वेळा सांगू?" ते ओशाळले. "सॉरी गं, हल्ली विसरायला होतं," म्हणाले. खोटं मी बोलले आणि माफी त्यांनी मागितली. हे लिहितानाही मला स्वतःची किळस येते.

मागच्या आठवड्यात काकूंनी गराज आवरायला बोलावलं. मी कापड काढलं. गाडी जमिनीवर होती. सिमेंटवर पडून मी ते माप घेतलं, ते पाऊण इंचानं कमी भरलं. काकांच्याच पद्धतीनं नवा आकडा घालून गणित केलं तर उत्तर अरुंद टायरचं आलं, त्यांना मुळात हवा होता तोच. मग मी काकूंना सगळं सांगितलं.

"म्हणजे त्यांचं डोकं शाबूत होतं?"

"हो काकू."

"मग हे त्यांना सांगायचं होतंस गं," म्हणाल्या आणि आत गेल्या.

वही त्यांनी मला नेऊ दिली. शेवटच्या पानांवर तेच गणित पाच वेळा आहे, अक्षर दर वेळी थोडं अधिक हललेलं. स्वतःच्या प्रत्येक आकड्यापुढे काकांनी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलंय. माझ्या आकड्यापुढे एकदाही नाही.