भोंगा वाजल्यावर करायचं काय

बिलकीस आपांचं घर आमच्या नगरपालिकेच्या मागच्या गल्लीत. नवरा तय्यबभाई शाळेचे गणवेश शिवायचे, आपा काज-बटण करायच्या. लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं आमचं तालुक्याचं गाव तेव्हा लहान होतं. किल्लारीच्या भूकंपाला वर्ष पुरं व्हायचं होतं आणि लोक अजून अंगणात, पत्र्याच्या खोपीत झोपत होते. भूकंप सांगून येत नाही हे सगळ्यांना कळत होतं, तरी कुठूनतरी आधी सूचना मिळावी असं माणसांना वाटायचं. निदान वावधान, म्हणजे वादळवारं सुटलं, तलाव फुटायची वेळ आली तर गावाला कळावं, म्हणून नगरपालिकेनं तीन भोंगे बसवले. त्यातला एक मुलींच्या शाळेसमोरच्या पाण्याच्या टाकीवर होता.

त्या पावसाळ्यात एका दुपारी तो चालू करून बघितला. चाचणी असल्याची नोटीस कचेरीच्या फळ्यावर लावलेली होती. शाळेला कुणी कळवलं नव्हतं. मुलींना वाटलं, आता जमीन हलणार. वरच्या मजल्यावरच्या सगळ्या एकाच जिन्याकडे धावल्या. आपांची बुशरा चौथीत होती. ती जिन्याच्या वळणावर पडली आणि मागच्या मुली तिच्या अंगावरून गेल्या. तय्यबभाईंनी तिला उचलून दवाखान्यात नेलं, पण तोवर सगळं संपलं होतं.

चौकशी झाली. दोष कुणाचाच निघाला नाही. आपा कुणाशी भांडल्या नाहीत, कचेरीची पायरीही चढल्या नाहीत. पुढे कधी भोंगा वाजला की त्या हातातलं काम खाली ठेवायच्या आणि तो थांबेपर्यंत तशाच बसून राहायच्या. त्यांना दुसरं मूल झालं नाही.

मधल्या वर्षांत गाव ओळखू येईना असं झालं. लातूरच्या क्लासेसची लाट आमच्याकडेही आली. घराघरांवर मजले चढले, गच्च्यांवर पत्र्याची मेस आणि वसतिगृहं उभी राहिली. देगलूर, देवणी, उदगीरकडची पोरं डॉक्टर-इंजिनिअर व्हायला येऊन राहू लागली. तय्यबभाईंचं दुकान त्यांच्या गणवेशांवर चांगलं चाललं. भोंगे मात्र गंजले आणि एकेक करून बंद पडले.

आपांचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला, तेव्हा गल्लीनं त्यांनाच उभं केलं आणि त्या निवडून आल्या. स्थायी समितीत त्या बसायच्या, बोलायच्या कमी. त्याच काळात नव्या भोंग्यांसाठी सरकारी निधी आला, निविदा निघाली. तीन कंपन्यांनी दर भरले. मागणी साध्या भोंग्यांची होती आणि ज्या कंपनीचा दर सगळ्यांत कमी, तिलाच नियमाप्रमाणे काम जाणार होतं. मी तेव्हा कचेरीत सभेचं इतिवृत्त लिहायचो. आपा या विषयाला विरोध करणार, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

नगराध्यक्ष गुरुपादप्पांनी विषय वाचला आणि आपांकडे बघितलं. आपा उभ्या राहिल्या.

"मला भोंगा नको असं न्हाई," त्या म्हणाल्या. "पण तो वाजल्यावर माणसानं करायचं काय, ते कुणी सांगणार हाय का? बाहेर पळायचं का आत जायचं? माझ्या लेकरानं बाहेर पळायचं ठरवलं होतं."

अभियंता रेणुकादास कुलकर्णी यांनी सांगितलं की बोलणारे भोंगेही मिळतात, आधी इशारा आणि मग माणसाच्या आवाजात सूचना. पण निविदेत ते मागितलेलं नव्हतं. ते हवं असेल तर सगळं नव्यानं काढावं लागेल. गुरुपादप्पा नाराज झाले. उन्हाळा तोंडावर आहे, वावधानाचे दिवस आहेत, उशीर होईल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आपांनी ते ऐकलं आणि तरीही हात वर केला. मग एकेक करत बाकीचे हातही वर झाले. निविदा रद्द झाली.

मे महिन्यात, दुपारच्या जेवणाच्या वेळी, पश्चिमेकडून वावधान आलं. गावात धुरळ्यानं अंधार झाला. बसस्थानकामागच्या एका मेसचे पत्रे उडाले आणि नवीच बांधलेली विटांची भिंत आत कोसळली. तिच्याखाली सिद्धेश्वर नावाचा बारावीतला मुलगा सापडून दगावला. देगलूरजवळच्या एका खेड्यातला. वारा सुटला म्हणून तो रस्त्यावरून आत, पत्र्याखाली आला होता.

आपांमुळं भोंगे लांबले, अशी गावात कुजबुज सुरू झाली. आपांच्या तोंडावर कुणी काही म्हटलं नाही. कुलकर्णी मुद्दाम त्यांच्या घरी गेले. त्याच सभेत काम दिलं असतं तरी खांब उभे राहून भोंगे लागायला पावसाळा उजाडला असता, हे त्यांनी समजावून सांगितलं. आपा म्हणाल्या, तुम्ही खरं सांगताय, पण तेवढ्यानं मला झोप येत न्हाई.

त्या तय्यबभाईंना घेऊन त्या खेड्यात गेल्या. तिथलं बोलणं मला नंतर तय्यबभाईंनी सांगितलं. मुलाचे वडील धोंडप्पा दारातच बसले होते. त्यांनी यांना घोंगडी टाकून दिली, पाणी दिलं. आपांनी आपण कोण ते सांगितलं, निविदेचं सांगितलं.

धोंडप्पांनी विचारलं, "भोंगा असता तर माझा पोरगा वाचला असता का?"

"ठाऊक न्हाई," आपा म्हणाल्या. "पण तो मी थांबवला व्हता. हे तुम्हाला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून आले."

धोंडप्पांनी परत विचारलं, "तुम्ही कशापायी थांबवला?"

तेव्हा आपांनी बुशराचं सांगितलं. ऐकून धोंडप्पा उठून आत गेले. ते परत बाहेर आलेच नाहीत. त्यांची बायको चहा घेऊन आली आणि आपांचा पेला रिकामा होईपर्यंत त्यांच्याजवळ बसून राहिली. तुम्हाला माफ केलं असं त्या घरात कुणी म्हटलं नाही, आणि आपांनी तसं मागितलंही नव्हतं.

दुसऱ्या निविदेतले भोंगे पुढच्या वर्षी लागले. त्यातून काय बोलायचं, हे आपांनी कुलकर्ण्यांच्या टेबलासमोर बसून ठरवलं. कुलकर्ण्यांची वाक्यं लांब व्हायची, आपा ती तोडायच्या. शेवटी एवढंच राहिलं: वादळ येत आहे. पक्क्या घरात जा. पत्र्याखाली थांबू नका. पळू नका, चालत जा. मराठीत आणि मग हिंदीत. चाचणीच्या आधी आठवडाभर रिक्षा फिरवून गावाला सांगितलं, शाळांना आणि क्लासेसना लेखी कळवलं. उद्घाटनाची फीत आपांनी कापावी असा गुरुपादप्पांचा आग्रह होता. त्या गेल्या नाहीत.

त्यानंतर दोन मोठी वावधानं झाली. पत्रे उडाले, झाडं पडली, एक म्हैस गेली. माणूस गेलं नाही. हे भोंग्यामुळं झालं का नशिबानं, हे कोण सांगणार?

मुदत संपल्यावर आपा पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. पण दर जूनमध्ये क्लासेसना नवी पोरं येतात, तेव्हा त्या वर्गावर्गात जातात. सर मंडळी त्यांना दहा मिनिटं देतात, काही नाखुशीनं. पोरं दाटीवाटीनं बसलेली असतात, अर्ध्यांचं लक्ष पुस्तकात असतं. आपा भोंग्याची वाक्यं म्हणून दाखवतात. मग सगळ्यांना उभं करतात, एका ओळीत दारापर्यंत चालत नेतात आणि परत जागेवर बसवतात. पोरं हसतात, एकमेकांना ढकलतात. आपा दारात उभ्या राहून शेवटचा मुलगा बसेपर्यंत वाट बघतात आणि मग पुढच्या वर्गाकडे निघतात.