जावेच्या शेळ्या आणि माझी पत

भूमच्या बाजारात माझा खवा तीस वर्षं विकला जातो. मी कुणाचा रुपया बुडवला नाही, म्हणून माझी पत चांगली आहे असा माझा समज होता. बँकेतल्या मॅडमनी तो दोन मिनिटांत काढून टाकला.

माझा खांदा निकामी झाला होता. दूध आटवताना कढईत उलथणं सारखं फिरवावं लागतं आणि डॉक्टरनं नेमकं तेच बंद करायला सांगितलं. आता एक तर खवा ढवळायचं मशीन घ्यायचं, नाहीतर भट्टी विझवून लेकाच्या दारात जाऊन बसायचं. सुनेचा चहा मला मानवत नाही. म्हणून कर्ज मागायला गेले.

मॅडम म्हणाल्या, "मावशी, कर्जफेडीचा स्कोअर फार कमी आहे तुमचा. शेळ्यांच्या कर्जाचे तीन हप्ते थकलेत."

"माझ्याकडं शेळ्याच न्हाईत."

"कर्ज मात्र तुमच्याच नावावर आहे."

मग आठवलं. आमच्या बचत गटात रीतच आहे. जिचं एक कर्ज चालू आहे, ती दुसरं कर्ज दुसरीच्या नावावर घेते. नाव द्यायला नकार देणं म्हणजे दारात आलेलीला पाणी नाकारणं. धाकट्या जावेला शेळ्या हव्या होत्या. मी चौथी शिकलेली, सही झोकात करते. केली.

जाऊ अंगणात शेंगा फोडत बसली होती.

"अक्का, तीनच तर राहिलेत! शेळ्यांना रोग आला, मी काय करू?"

"शेळ्या वाचल्या. मेली ती माझी पत."

"ह्या वयात पत घिऊन कुठं जायचंय तुमाला?"

वसुलीवाला तर लई दयाळू निघाला. अर्धे भरा, प्रकरण मिटवतो, म्हणाला. जाऊ हरखली. पण मी मॅडमना विचारून आले होते. अर्ध्यात मिटवलं की तसंच लिहून ठेवतात आणि पुढची बँक ते वाचून आपल्याला दारातूनच परत पाठवते. जावेला बोकड विकायला लावला, दंडासकट सगळं भरलं आणि काही देणं उरलं नाही असा शिक्क्याचा बेबाकी दाखला हातात पडेपर्यंत वसुलीच्या ऑफिसातल्या खुर्चीवरून उठले नाही. चहा त्यांनी दिला नाही, मी मागितलाही नाही.

मग मी स्वतःचा शहाणपणा केला. चार ठिकाणी भाव विचारल्याशिवाय मी मेथीची जुडी घेत नाही. तशीच आणखी तीन बँकांत अर्ज टाकून आले. मॅडमनी कपाळाला हात लावला. प्रत्येक अर्जाची नोंद होते म्हणे, आणि ही बाई सगळीकडं मागत फिरते असं दिसतं. थोडा वर आलेला स्कोअर पुन्हा घसरला.

"आता गप बसा मावशी. एखादी लहान वस्तू हप्त्यानं घ्या आणि वेळेवर फेडा."

म्हणजे कर्ज फेडता येतं हे दाखवायला आधी कर्ज काढायचं. मिक्सर घेतला. मला मिक्सर नको होता, पाट्यावरची चटणी बरी लागते. पण दर महिन्याला तारखेच्या आधी दोन दिवस हप्ता भरला. मिक्सर अजून खोक्यातच आहे.

वर्ष होत आलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "आता जमेल. फक्त चांगल्या स्कोअरचा एक जामीनदार आणा."

गटातल्या बायकांचे स्कोअर तपासले. एकमेकींना नावं देऊन सगळ्याजणी माझ्यासारख्याच झालेल्या. एकीचाच स्कोअर लखलखीत निघाला. माझ्या जावेचा. स्वतःच्या नावावरचा एकही हप्ता तिनं कधी चुकवला नव्हता.

"बघा अक्का," ती म्हणाली, "शेवटी मीच कामाला आले का न्हाय?"

सही करताना तिला फार वेळ लागला. मशीन आलं. पहिल्या दिवशी पावशेर खवा तिला द्यावा लागला.