सोनईच्या पुढचा रस्ता

पाथर्डीच्या भीमराज साळवेची पिकअप रोज सकाळी सोनईला जाते आणि सरकी पेंडीची पोती भरून माघारी येते. वाटेवरच्या गावांतले गाईम्हशीवाले तिची वाट बघत असतात. दुपारपर्यंत पोती उतरवायची, संध्याकाळी गाडी धुवायची आणि झोपायचं. बारा महिने हेच. सोनईत हमाल पोती चढवतात तेवढा वेळ भीमराज दुकानाच्या कडेला चहाचा कप घेऊन उभा राहतो. समोरचा रस्ता तसाच पुढे बेलापूरच्या अंगाला जातो. वर्षातले पाच-सहा महिने त्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला त्याची बायको असते, आणि तो रोज अर्ध्या वाटेपर्यंत जाऊन गाडी वळवतो.

बायकोचं नाव जयमाला. ती ऊसतोडणीला जात नाही, पण तोडणीवाल्यांबरोबर जाते. टोळीतल्या पोरांसाठी जी साखरशाळा चालते, तिथं ती शिकवते. टोळीच्या कोप्या पडतात तिथंच तिचीही एक कोपी असते. पाचटाची, वर निळं प्लास्टिक टाकलेली. लहानपणी ती स्वतः आईबापाच्या मागं अशाच कोप्यांमध्ये राहिलेली. दर दिवाळीनंतर शाळा सुटायची ती उन्हाळ्यातच परत दिसायची. अक्षरं विसरायची, पुन्हा शिकायची, पुन्हा विसरायची. दहावी तिनं लग्नानंतर केली, तीही भीमराजनंच फॉर्म आणून दिला म्हणून. मुलगी अश्विनी नर्सिंगसाठी नगरच्या होस्टेलला गेली तेव्हा जयमाला म्हणाली, "आता घरात माझं एवढं काय काम हाय? मी साखरशाळेवर जाते."

"जा की," भीमराज तेव्हा सहज बोलून गेला होता. घर इतकं रिकामं होईल हे त्याला ठाऊक नव्हतं. म्हातारी आई चांगुणाबाई होती सोबतीला, पण ती दिवस मावळला की अंथरुणाला टेकायची. मग भिंतीवरच्या बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोरचा दिवा तेवढा जागा असायचा. जयमाला असताना भीमराजला ती बोलते त्याचा कधी कंटाळा यायचा. आता भाकरी तव्यावरून ताटात टाकताना तो मधेच थांबायचा, कुणी काही म्हणालं का म्हणून.

यंदाच्या हंगामात टोळी बेलापूरच्या पुढं, प्रवरेच्या काठच्या काळ्या रानात पडली होती. पहिल्या सवडीच्या रविवारी भीमराज निघाला. आईनं शेंगदाण्याची चटणी डब्यात भरून दिली, त्यानं बाजारातून जयमालाच्या आवडीची शेव घेतली. डांबरी रस्ता संपेपर्यंत सगळं ठीक होतं. पुढं गाडीवाट लागली आणि वाटेत रानाला पाणी नेणारी चारी. पाटाला पाणी सुटलेलं, चारी फुटून वाटेवर आलेली. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांनी त्या मातीचं पार लोणी करून ठेवलं होतं. गाडीचे टायर आधीच गुळगुळीत. मागची चाकं जागच्या जागी फिरली, खाली बसली, आणि पिकअपचं बूड चिखलाला टेकलं.

कोप्या समोर दिसत होत्या. हाक पोचेल एवढ्याच अंतरावर. कुणीतरी आत सांगितलं असावं, जयमाला धावत आली आणि चिखलाच्या पलीकडे उभी राहिली. तिच्या मागं पोरं, त्यांच्या मागं चार बाया. सगळ्या कौतुकानं बघत होत्या.

"जेवलात का?" तिनं ओरडून विचारलं.

"व्हय. तू?"

"जेवले. आत्या बऱ्या हायेत ना?"

"आई बरी हाय."

एवढंच. इतक्या लोकांच्या देखत दोघांना याहून काही बोलता येईना. एक तोडणीवाला गुडघाभर चिखलातून आला आणि डबा घेऊन गेला. ट्रॅक्टर येऊन गाडी ओढून काढेपर्यंत सूर्य कलला. गाडी निघाली ती मागच्या मागं, डांबरीकडे. भीमराजनं आरशात पाहिलं तेव्हा जयमाला अजून तिथंच उभी होती, डबा छातीशी धरून.

दुसऱ्या दिवशी सोनईहून आल्यावर तो तडक मच्छिंद्रच्या टायरच्या दुकानात गेला.

मच्छिंद्रनं गाडीभोवती एक फेरी मारली. "पार गोटा झाल्यात की रं मागचे. रोजचा रस्ता कंचा?"

"सोनई."

"सगळं डांबरीच मग. साधे पट्टीचे घे. गाडी हलकी पळंल, डिझेल कमी खाईल, लई दिवस पुरत्याल."

"चिखलात चालत्याल का?"

"पेंड काय चिखलात इकतो का काय तू?"

भीमराज चाकावरच्या पत्र्याखालचा वाळका चिखल नखानं खरवडत राहिला. मच्छिंद्रनं त्याच्याकडे नीट पाहिलं, मग स्टुलावरून उठून आत गेला आणि एक टायर घरंगळत घेऊन आला. जाड, रबराच्या उंच गोट्या आणि मधे खोल खाचा असलेला, ट्रॅक्टरच्या टायरचा धाकटा भाऊ वाटावा असा. "ह्यो घे मग. कसलाबी चिखल फाडतोय. पन तुझ्या रोजच्या डांबरावर ह्याच्या गोट्या साबणावानी झिजत्याल. आन आवाज तर असा, की गावाला कळंल भीमराज आला म्हनून."

दुसरा होता तो दिसायला देखणा. बाजूला पांढरी अक्षरं, नक्षी अशी की हात फिरवत बसावं. भीमराजचा हात तिथं रेंगाळला, तेव्हा मच्छिंद्रनंच तो बाजूला सारला. "हे शहरातल्या फिरायच्या गाड्यांचे. बाजूला वजनाचा आकडा बघ. पोती टाकलीस की कड फुगंल."

जुन्याच टायरवर नवी नक्षी चढवून घेणं सगळ्यांत स्वस्त पडलं असतं. पण जुन्यांच्या बगलेत चिरा होत्या. मच्छिंद्रनं त्या नख घालून दाखवल्या. शेवटी कोपऱ्यातल्या थप्पीतून त्यानं एक काढला. मधोमध सलग पट्ट्या, दोन्ही कडांना गोट्या. कंपनीचं नाव भीमराजनं कधी ऐकलेलं नव्हतं.

"नाव मोठं न्हाई, म्हनून परवडतोय," मच्छिंद्र म्हणाला. "मधल्या पट्टीवर डांबरावर चाल, कडेच्या गोट्या चिखलात धरत्याल. लगद्यात रुतून बसलास तर ह्योबी काय करनार न्हाई, आधीच सांगतो. चार घेऊ नको. तुझी मागची चाकं ओढत्यात, मागंच दोन टाक. पुढचे अजून चालतायत."

भीमराज खाली बसला. टायर कोणत्या साली तयार झाला ते बाजूला शोधून वाचलं, वजनाचा आकडा पाहिला, गोट्यांच्या मधल्या खाचेत अंगठा घालून बघितला. माल चांगला होता. तरी साध्या पट्टीच्या टायरपेक्षा जास्तच पडणार होते, आणि पोट तर डांबरी रस्त्यावर होतं. त्यानं बाहेर येऊन जयमालाला फोन लावला.

"साधेच घ्या," ती लगेच म्हणाली. "रोज सोनईलाच तर जायचंय."

"आन रविवारी?"

पलीकडून पोरांचा गलका ऐकू येत राहिला. कुणीतरी पाढे म्हणत होतं, कुणीतरी रडत होतं. फोन कट झाला की काय असं त्याला वाटलं.

"तुमाला पटंल ते घ्या मग," ती म्हणाली. आणि जरा थांबून, आवाज उतरवून, "पाटाला परत पानी सुटनार हाय म्हनत्यात."

भीमराज आत गेला आणि म्हणाला, "मच्छिंद्रशेठ, हे दोन बसव."

पुढच्या रविवारी नव्या टायरांचा बारीक घुमता आवाज ऐकत तो गेला. सोनई आली, नेहमीचं चहाचं दुकान आलं आणि मागं पडलं. त्या जागेवरून गाडी न वळवता पुढं जाताना त्याला उगीचच हसू आलं. चारीपाशी उतरून त्यानं मागच्या चाकांची थोडी हवा सोडली, मच्छिंद्रनं सांगितलं होतं तशी. पहिला गिअर टाकला, ॲक्सिलरेटर एकसारखा धरला. गाडी डावीकडे घसरली, मग कडेच्या गोट्यांनी कुठंतरी खालची घट्ट माती पकडली आणि चिखल उडवत पिकअप पलीकडे गेली. पोरं ओरडत गाडीच्या मागं धावली.

तोडणीला रविवार नसतो, म्हणून शाळेलाही नव्हता. जयमालानं त्याला पाहिलं, हसली, आणि हातातला खडू तसाच फळ्यावर चालवत राहिली. भीमराज मागं पाचटावर बसला. पहिल्या रांगेतली एक पोरगी वळून वळून त्याच्याकडे बघत होती. तिचं नाव कावेरी.

"बाई, हे कोन?"

"आमच्या घरचे."

"मंग हितं का न्हाई ऱ्हात?"

सगळी पोरं हसली. जयमालाही हसली, पण फळ्याकडे तोंड करून.

शाळा सुटल्यावर ती पिकअपमध्ये येऊन बसली. "कुठंतरी न्या," म्हणाली. "कुठंबी. नुसती चक्कर." तो पाटाच्या कडेनं हळूहळू निघाला. आठवडाभर त्याच्या मनात कितीतरी साठलं होतं: आईच्या गुडघ्याचं, अश्विनीच्या परीक्षेचं, आणि काही असं, जे बायकोला सांगायला या वयात लाज वाटते. सुरुवात कुठून करावी ते ठरवून त्यानं शेजारी पाहिलं. जयमाला काचेला डोकं टेकून झोपली होती.

त्यानं एका लिंबाखाली गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं. तिच्या बोटांवर खडूची पांढरी पूड होती. टाचा भेगाळलेल्या. गार वाऱ्यात, पाचटात, पोरांच्या रडण्यात तिची झोप किती होत असेल, हे फोनवर कधी कळलं नव्हतं. तो तसाच बसून राहिला. पाटाचं पाणी वाहत होतं, दूर उसात कोयते चालल्याचा आवाज येत होता. त्याला बोलायचं होतं ते सगळं मनातच राहिलं, आणि तरी त्याला वाटलं, हा वेळ संपू नये.

तिला जाग आली तेव्हा ऊन तांबडं झालं होतं. "आगं बाई! उठवलं का न्हाई मला?"

"निजली हुतीस."

"इतक्या लांबून आलात आन मी निजले." तिचे डोळे भरले. तिनं त्याचा हात धरला.

मग भीमराज म्हणाला, "चल घरी. ह्यो हंगाम राहू दे. दुसरी कुनी बाई बघत्याल ते."

तिनं लगेच नाही म्हटलं नाही. समोर बघत राहिली. "मला काय घर आठवत न्हाई व्हय? सकाळी उठले की आधी तुमचा चहा आठवतोय. पन त्या कावेरीला अजून जोडाक्षरं वाचता येत न्हाईत. आत्ता सोडलं की सुटलंच तिचं. माझं सुटायचं तसं."

भीमराजनं इंजिन चालू केलं. त्यानं तिला कोप्यांपाशी सोडलं. पाथर्डीला पोचेपर्यंत शेजारच्या रिकाम्या सीटवर त्याची नजर जात राहिली.

तो हंगाम असाच गेला. काही रविवार तो गेला, काही रविवार गाडीला भाडं आलं म्हणून जाता आलं नाही. टोळी नदीच्या आणखी पुढं सरकली तशी वाट लांबली. उन्हाळा लागताना गाळप संपलं आणि जयमाला त्याच पिकअपमधून, दोन गाठोडी मागं टाकून, घरी आली. चांगुणाबाईनं सुनेवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. भीमराजला वाटलं, आता सगळं जागेवर आलं.

पण जयमाला गप्प गप्प असायची. सकाळी लवकर उठून अंगणात येऊन उभी राहायची. चहा पिताना मधेच हात थांबायचा. भीमराजनं ते ओळखलं. हिवाळाभर तो स्वतः तसाच होता. टोळी पांगली होती, पोरं आपापल्या आईबापांबरोबर डोंगराकडच्या वस्त्यांवर गेली होती. एके दिवशी भाकरी खाताना त्यानंच विषय काढला.

"त्या कावेरीची वस्ती कुठं म्हनालीस?"

जयमालानं एकदम वर पाहिलं. "डोंगराच्या वर हाय. लई खराब वाट हाय म्हनत्यात. एश्टी न्हाई, जीपबी कधीमधीच."

"जाऊन येऊ."

ते गेले. डांबरी संपून खडी लागली, खडी संपून नुसते दगड. पिकअप हिसके खात, पण न थांबता चढत होती. जयमालानं मांडीवर एक चित्रांचं पुस्तक धरलं होतं. आदल्या दिवशी बाजारातून मुद्दाम आणलेलं. वस्तीवर पाच-सहा घरं. कावेरीचं घर विचारलं, तर दाराला कुलूप.

शेजारची एक म्हातारी बाहेर आली. "ती समदी वीटभट्टीला गेली नगराकडं. पोरगीबी गेली. पाऊस पडल्याबिगर काय येत न्हाईत आता."

जयमाला ओट्यावर टेकली. म्हातारीनं पाणी दिलं, ते तिनं घोटभरच घेतलं. खाली पाथर्डीकडचं माळरान उन्हात तापून पांढरं दिसत होतं. दाराच्या फळीवर कोळशानं काहीतरी लिहिलेलं होतं, वाकडंतिकडं. जयमाला जवळ गेली. कावेरीनं स्वतःचं नाव लिहिलं होतं, आणि त्याखाली 'पुस्तक', 'चिक्कू', 'रस्ता'. तिन्ही जोडाक्षरं बरोबर होती. जयमालानं त्या अक्षरांना हात लावला नाही, पुसतील म्हणून.

पुस्तक तिनं म्हातारीकडे दिलं. "ती आली की द्याल तिला?"

"देते की. कोन आलं हुतं म्हनून सांगू?"

"बाई आल्त्या म्हना. एवढंच म्हना."

भीमराज गाडीपाशी येऊन थांबला. त्यानं दार उघडून ठेवलं, पण तिला हाक मारली नाही.