करंगळीवरचं वजन

वस्तू हातात घेतली की ते आधी ती करंगळीला अडकवायचे आणि डोळे मिटायचे. मग म्हणायचे, "ऱ्हाऊ दे." नाहीतर, "काढा."

आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं. सायकलच्या सीटची कव्हरं, दप्तरं, तंबू शिवायचे. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणायची. मी शाळेत शिक्षिका. दर थंडीत मुलींना घेऊन जोतिबावरून पन्हाळ्याला पायी जायची, एक मुक्काम करून परतायची. सामानाची यादी माझी, पिशव्या त्यांच्या.

त्या वर्षी माझ्या मुलीलाही न्यायचं ठरवलं. सहा वर्षांची, पावसाळ्यात न्युमोनियातून उठलेली. घरी आमचे मालक म्हणाले, "ने. पण वाटेत दमली, तर पुन्हा या गोष्टीचं नाव काढायचं नाही." आणि तिला तर आपलं सामान आपल्याच पाठीवर हवं होतं.

मी अकरा वस्तूंची यादी केली. वाण्याच्या तराजूत सगळं मिळून सव्वादोन किलो भरलं. तसं लिहून चाचांना दाखवलं.

"बाई, तराजू डोंगर चढतोय व्हय?"

त्यांनी सगळं कॅनव्हासच्या पिशवीत भरलं, तिच्या पाठीवर दिलं आणि तिला दुकानाच्या पायऱ्या चढाय-उतरायला लावल्या. सोबत गप्पा सुरू. "शाळंत कोण मारतंय गं तुला?" ती नावं सांगत होती. चौथ्या खेपेला गप्प झाली.

"बोलणं थांबलं. वझं जास्त हाय."

मग करंगळी. पितळी तांब्या काढा, अल्युमिनियमचा पेला घ्या. टॉर्च कशाला, आईजवळ हाय की. स्वेटर मी सोडेना. "त्यो अंगात घाला. अंगातल्याचं वझं न्हाय." शेवटी पिशवीच करंगळीला लावली. "हिलाच काढा." मोडक्या छत्र्यांचं कापड जोडून त्यांनी नवी शिवली. फुंकर मारली तरी फुगायची.

"आणि माझी बाहुली?" मुलीनं विचारलं.

लाकडी बाहुली त्यांनी बराच वेळ करंगळीवर धरली. "ऱ्हाऊ दे."

"चाचा, ही तांब्याहून जड आहे."

"हिच्यासंगं बोलत जाईल की, बाई."

पन्हाळ्यापर्यंत ती बोलत होती. माझं डोकं दुखायला लागलं. घरी तिच्या दमण्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

त्या पिशवीच्या आत त्यांनी दोन दुमडी शिवून ठेवल्या होत्या. "दरसाल एक उसवायची. पोरगी वाढंल तशी पिशवी वाढंल." पहिली त्यांनीच पुढच्या वर्षी उसवून दिली.

दुसरीच्या वेळी गेले तेव्हा दुकानाला फळ्या लावलेल्या. शेजारच्या सायकलवाल्यानं सांगितलं, "चाचा लेकीकडं हुपरीला गेलते. तिथंच गेले. आठ दिस झाले."

"बरं," मी म्हणाले. मेणबत्त्या घ्यायच्या होत्या, त्या घेतल्या. यादीवर खूण केली.

घरी येऊन ब्लेडनं दुसरी दुमड उसवली. दोन वर्षांत बाहेरचं कापड विटून राखाडी झालं होतं. आतून चार बोटं रुंद पट्टा निघाला, काळाभोर, नवाकोरा. मुलगी शेजारी बसून बाहुलीच्या केसांचं काहीतरी सांगत होती. मी दोरा ओढत राहिले.

"आई," ती म्हणाली, "बोल की."