हाकेच्या टप्प्यातल्या यमुनाकाकू

यमुनाकाकूंचं एकही वाक्य एका दमात पुरं होत नसे. बोलता बोलता त्या मधेच थांबत, मान कुंपणाकडे वळवत आणि खणखणीत आवाजात म्हणत, "इथंच हावो, मामाजी!" मग वाक्य जिथं तुटलं असेल तिथून पुन्हा उचलत. कुंपणापलीकडे त्यांचं घर होतं आणि ओसरीवरच्या बाजेवर त्यांचे सासरे पडलेले असत. म्हाताऱ्याची दृष्टी गेलेली. घटकाघटकेला त्यांची हाक येई, "बाई, हायेस का?" त्यांना पाणी नको असे, पान नको असे, नुसतं उत्तर हवं असे. ते आलं नाही तर ते एकटेच बाजेवरून उतरायला बघत, आणि एकदा असेच उतरताना पायरीवरून कोसळले होते. तेव्हापासून त्यांचा आवाज पोचेल तेवढंच काकूंचं गाव. आमचं अंगण त्यात बसत होतं. बाजार, देऊळ आणि वेणा नदी बसत नव्हती.

ही गोष्ट हिंगणघाटची, पन्नास-साठच्या मधल्या सालांतली. माझे यजमान तिथल्या हायस्कुलात मास्तर होते, आणि लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हा काकू चाळिशीच्या आसपास असतील. सगळा मोहल्ला त्यांना 'जहाजवाली' म्हणायचा. त्यांचा नवरा कापसातली सरकी काढणाऱ्या जिनात फिटर होता. आफ्रिकेतही कापूस पिकतो आणि तिथल्या जिनांना माणसं लागतात असं कळल्यावर तो बायकोला घेऊन जहाजात बसला. तिथं तापानं गेला. काकू एकट्या परतल्या आणि सासऱ्यांच्या बाजेपाशी अडकल्या त्या अडकल्याच. धाकटे दीर वर्ध्याला कचेरीत होते. ते सणावाराला यायचे, बापाच्या पाया पडायचे, पुरणपोळीवर ताव मारायचे आणि पुढच्या गाडीनं चालते व्हायचे. मला त्या माणसाचा राग यायचा. अजूनही येतो.

एका उन्हाळ्यात मास्तरांच्या रत्नागिरीच्या मित्रानं आम्हाला सहकुटुंब बोलावलं. मुंबईहून पुढं बोटीनं जायचं होतं. आमच्या घरात समुद्र कुणी पाहिलेला नव्हता. सासूबाईंनी पहिलाच प्रश्न टाकला, "मधी टेसनं असतीन न? लेकरू रडलं तं उतरून जाऊ, दुसऱ्या गाडीनं येऊ."

काकू हसून हसून बेजार झाल्या. "आक्का, जहाजातून उतरता येत नाई. चहूकडं पानीच राह्यते. आपल्या घरासारखंच समजा," असं म्हणून त्यांनी कुंपणापलीकडे उत्तर दिलं आणि त्या आमच्या तयारीला लागल्या.

ती तयारी म्हणजे एक शाळाच होती. आमच्या ओसरीवर बंगई, म्हणजे झोपाळा, होता. काकूंनी सगळ्यांना तिच्यावर ओळीनं बसवलं आणि पुढं-मागं नाही, आडवी हलवली. हललं की पोटात काय होतं ते घरीच कळावं, हा हेतू. मास्तरांच्या हातात त्यांनी पोळीचा तुकडा दिला, वर वर्तमानपत्र वाचायला लावलं. मास्तर सुशिक्षित माणूस, बंगईला काय भ्यायचं, म्हणून ऐटीत बसले आणि थोड्याच वेळात पिवळे पडून न्हाणीकडे धावले. काकू एका हातानं बंगई ढकलत होत्या, तोंडानं मामाजींना उत्तर देत होत्या आणि आम्हाला शिकवत होत्या.

"उपाशी बसू नका. रिकामं पोट पहिले उलटते. सुकी पोळी, लाह्या, आल्याचा तुकडा जवळ ठेवजो. झणझणीत रस्सा इथंच खाऊन घ्या, तिकडं नाव काढू नका. चढल्याबरोबर सतरंजी टाकजो, अन् टाकली का तिच्यावर बसजो, नाईतर दुसरा बसते. जागा जहाजाच्या मधात पाह्यजो. टोकाले लय हलते. पोट्ट्याईच्या कमरेले लुगड्याचा पट्टा बांधजो. पेटी खाली जाते, म्हणून एक जोडी कपडे वेगळ्या गाठोड्यात." मी लाजत विचारलं, चारचौघांत उलटी झाली तर? त्यावर त्या म्हणाल्या, "जहाजात पहिले लाज उलटून पडते, मंग जेवन. लाज गेली का माणूस हलका होते." आणि जीव घाबरा झाला तर काय करायचं, तेही त्यांनी सांगितलं. "जवळचं पानी नाई पाह्यचं. दूर, आभाळ जिथं टेकते तिथं पाह्यत बसजो." हे सांगताना त्यांची नजर आमच्या परसातल्या भिंतीवर होती.

जायचे दिवस जवळ आले तशी सासूबाईंनी माघार घेतली. चहूकडं पाणी ही गोष्ट काही त्यांच्या मनातून जाईना. शेवटी त्यांनीच तोड काढली. "मी राह्यतो म्हाताऱ्यापाशी. माझ्या जागी यमुनेले न्या." काकूंच्या हातातलं सूप खाली पडलं. त्या दिवशी मामाजींना दोनदा हाक मारावी लागली.

रविवारी काकूंचे दीर वर्ध्याहून धावत आले. "वैनी, हे काय काढलं? बाईमाणूस अन् जहाजात? लोक काय म्हनतीन?"

सासूबाई आमच्या घरातून तिथं जाऊन उभ्याच होत्या. "लोकाईचं मी पाह्यतो. यमुना नाई गेली तरी चालते, पण मंग इतके दिवस बापापाशी तुम्ही राह्यजा."

दिरांनी टोपी उचलली. वाद तिथंच मिटला. मामाजी मात्र हे सगळं बाजेवरून ऐकत होते. त्यांनी सुनेचा हात चाचपून धरला आणि विचारलं, "वापस येशीन न, बाई?"

"येतो न, मामाजी. जाईन कुठं?" काकू म्हणाल्या.

गाडीत त्या खिडकीशी बसून होत्या. मुंबईला तिकिटाच्या खिडकीवर मोठी गर्दी होती. बायकांची रांग लहान आहे, मीच उभी राहते, असं म्हणत काकूंनी मास्तरांकडून पैसे घेतले आणि स्वतःच्या कनवटीचेही काढले. माझं तिकीट माझ्या पैशानं, असा त्यांचा हट्ट होता. आम्हीही ओढून धरलं नाही.

बोटीवर चढल्यावर त्यांनी आमचा ताबाच घेतला. सतरंजी मधोमध पडली, मुलांच्या कमरेला पट्टे बांधले गेले, लाह्यांची पुरचुंडी सुटली. पण सुरुवातीचा काही वेळ चमत्कारिकच गेला. गर्दीत कुणी बायकोला, कुणी आईला हाका मारत होतं. दर हाकेला काकू दचकून मोठ्यानं म्हणायच्या, "इथंच हावो!" आजूबाजूचे लोक बघायला लागले. मग त्या पदर तोंडाशी धरून हसायच्या आणि पुन्हा दूर पाण्याकडे बघायच्या. एकदा मात्र हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. दुपारपर्यंत ते दचकणं थांबलं. तोवर बंगईची शाळा फुकट जाऊन मास्तर, मी आणि मुलं सगळेच आडवे झालो होतो. काकू तेवढ्या ताठ बसून लाह्या खात होत्या.

उन्हं कलली तेव्हा रत्नागिरी आली. बोट किनाऱ्याला लागत नाही, लांबच उभी राहते आणि माणसांना पडावातून काठाला नेतात. उतरायची एकच झुंबड उडाली. मी धाकट्याला कडेवर घेतलं आणि म्हटलं, "काकू, चला."

त्या जागच्या हलल्या नाहीत. "तुम्ही उतरा. माझं तिकीट पुढचं, वेंगुर्ल्याचं हाये."

मास्तरांचा आवाज चढला. "वेंगुर्ल्याला कोण आहे तुमचं?"

"कोनी नाई."

"आणि परत कशा येणार?"

"हेच जहाज वापस मुंबईले जाते. तिथून रेलगाडी. आफ्रिकेतून एकटी आलती मी, मास्तर."

"मामाजींना आम्ही काय सांगायचं?"

"त्याईले मी सांगितलं हाये, येतो म्हणून."

खलाशी ओरडत होता. मास्तर मला म्हणाले, "तू तरी समजाव त्यांना." मी काकूंकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर हट्ट नव्हता, अपराधीपणा नव्हता. उन्हातून आलेलं माणूस सावलीत टेकतं तशा त्या टेकल्या होत्या. मी मुलाला घेऊन पडावात उतरले.

रत्नागिरीला माझं लक्ष लागलं नाही. मास्तर रोज चिडायचे, त्यांच्या घरच्यांना काय तोंड दाखवायचं म्हणून. मला वेगळीच भीती होती. काकू परतल्या नाहीत तर त्या आंधळ्या म्हाताऱ्याला उत्तर कोण देणार, आणि परतल्या तर काकूंचं काय, या दोन्ही प्रश्नांनी मला घेरलं होतं. हिंगणघाटला टांग्यातून उतरले तशी मी आधी कुंपणाकडे पाहिलं. काकू आमच्या अंगणात सासूबाईंसोबत तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. आमच्या कितीतरी आधी त्या येऊन पोचल्या होत्या. मला हायसं वाटलं, आणि त्याच क्षणी आत काहीतरी खचलंही. यांनी यायला नको होतं, असं माझं एक मन सांगत होतं, ते आज लपवत नाही.

मामाजी त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. काकू त्यांच्यामागं फार दिवस जगल्या नाहीत, आणि हिंगणघाटाबाहेरही पुन्हा गेल्या नाहीत. आम्ही परतलो त्या दिवशी सासूबाई पाणी आणायला आत गेल्या तेव्हा मी हळूच विचारलं होतं, "वेंगुर्ल्याला काय पाहिलंत?"

"उतरलीच नाई मी."

"मग केलंत काय?"

काकूंनी डाळीतला खडा वेचून बाजूला ठेवला. "बसून राह्यली. दिवसभर मले कोनी हाक नाई मारली, सुमन. मंग मीच मले हळूच हाक मारून पाह्यली, बाई, हायेस का म्हणून," त्या म्हणाल्या. "अन् उत्तर नाई देल्लं."