ओयाशिराझूची वही

ओयाशिराझू हे जपानच्या समुद्रकाठचं एक सुनसान स्टेशन. नावाचा अर्थ, आईबापांचं भान नसलेलं. पूर्वी इथल्या कड्याखालून लाटा चुकवत धावताना लेकरांना मागे वळून आईकडे बघता येत नसे म्हणे. त्यांच्यामागे निदान समुद्र तरी लागला होता! आमच्या सहलीतला एक पन्नाशीचा गृहस्थ नुसत्या फोटोसाठी पुढे पळाला आणि जिन्यावर अडलेल्या आईवर खेकसला, "आई, उरक की! सगळे खोळंबलेत." कुणीही खोळंबलं नव्हतं. माझं डोकंच सणकलं.

येणाऱ्यांनी चार ओळी लिहाव्यात म्हणून स्टेशनात एक वही ठेवली होती. आजींनी धापा टाकत तीत लिहिलं, 'मुलाने हौसेने आणले. फार जपतो.' त्याखाली खरं काय ते लिहायला मी पेन मागितलं. माझ्याकडे रोखून बघत आजींनी ते पर्समध्ये टाकलं.