रुईयिंगचे पाय

डासांनाही आवडनिवड असते, हे पीह्वाला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. तैवानमधल्या ताइनानच्या संशोधन केंद्रात ती रुजू झाली त्याच वर्षी तिला कळलं, की डासांना ती आवडत नाही. देवळामागच्या बोळात स्टुलावर बसायचं, पोटऱ्या उघड्या टाकायच्या, डास टेकला की चावायच्या आत काचेच्या नळीने ओढून घ्यायचा. डेंग्यूचे डास धरायची केंद्राची ही जुनी रीत. पीह्वा दुपारभर बसे आणि रिकाम्या नळ्या घेऊन उठे. केंद्रात तिच्यामागून आलेली रुईयिंग बसली, की डास जत्रेला यावेत तसे येत.

"ताई, तुमच्या रक्तात मीठच कमी पडलंय," रुईयिंग म्हणे.

पीह्वाही हसे. दात दिसतील एवढंच.

पीह्वाने शोधनिबंधांत डासांच्या पंखांवर लिहिलं, अंड्यांवर लिहिलं, औषधाला न जुमानणाऱ्या अळ्यांवर लिहिलं. डास मात्र रुईयिंगच्या पायांवरचे. परिषदांची बोलावणी रुईयिंगला. मासळीची पेज वाढताना केंद्राचे प्रमुख को सर पहिला वाडगा तिच्यापुढे सरकवत, आणि त्याची वाफ पीह्वाच्या डोळ्यांत जाई.

एकदा कामासाठी दोघी मनिलाला गेल्या होत्या. तिथे रुईयिंगला डेंग्यू झाला. पीह्वाने उशाशी बसून कपाळावर घड्या ठेवल्या. ताप उतरल्यावर रुईयिंगने तिचा हात धरला. "सरांना सांगू नका हं, ताई. मला स्टुलावरून उठवतील."

नियमच होता तसा. एकदा डेंग्यू झालेल्याला दुसऱ्या जातीचा झाला, तर जिवावर बेतू शकतं. पीह्वाने शब्द दिला. ते गुपित तिने दागिन्यासारखं जपलं. एकटी असली की काढून पाहायची.

यंदा देवळामागच्या त्याच बोळात दुसऱ्या जातीचा डेंग्यू शिरला. दोन म्हाताऱ्या गेल्या. को सरांनी रुईयिंगला बसायला सांगितलं. ही मोहीम झाली की केंद्रही तिच्याच हाती द्यायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पीह्वाच्या घशाशी शब्द आला. तो काळजीचा की मत्सराचा, हे तिचं तिलाच निवडता येईना. गप्प बसावं तर ही मरायची. बोलावं तर लोक म्हणणार, खुर्चीसाठी बोलली. आणि लोकांचं अगदीच चुकणार नव्हतं.

रुईयिंगने स्टूल मांडलं, मोजे उतरवले.

"सर, हिला बसवू नका," पीह्वा म्हणाली. "हिला एकदा होऊन गेलाय. मनिलात. मी होते तिथे."

को सर रुईयिंगकडे वळले. "खरं का गं?"

रुईयिंगने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. "इतकी वर्षं याच दिवसाची वाट पाहिलीत ना, ताई? जळत होतात माझ्यावर."

"जळत होते. अजून जळतेय," पीह्वा म्हणाली. "मोजे चढव आणि ऊठ."